मुलांना शिस्त लावताना : थापडेचा सुरक्षित डोस असतो का?

२०२५ च्या जून महिन्यात सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यातल्या नेलकरंजी गावात, बारावीत शिकणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीचा वडिलांच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. कारण काय, तर नीटच्या सराव परीक्षेत गुण कमी पडले. याच मुलीला दहावीत नव्वद टक्क्यांहून जास्त गुण होते, आणि वडील स्वतः शिक्षक होते. पाच महिन्यांनी वसईची बातमी आली. शाळेत उशिरा पोहोचलेल्या सहावीतल्या मुलीला पाठीवर दप्तर ठेवून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. शिक्षा झाली ८ नोव्हेंबरला, आणि १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी, ती मुलगी रुग्णालयात गेली.

दोन्ही प्रकरणांत कायद्याने कोण किती दोषी, हे न्यायालय ठरवेल. तुमच्याशी बोलायचं आहे ते त्यानंतर घराघरात आणि मोबाइलवर जे बोललं गेलं त्याबद्दल. एक गट म्हणाला, मुलांना हात लावणाऱ्यांना तुरुंगात टाका. दुसरा म्हणाला, आम्ही मार खाऊनच मोठे झालो, आमचं काय बिघडलं? या दोघांच्या मध्ये बहुतेक आई-वडील उभे असतात आणि त्यांना यातलं काहीच नको असतं. समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावात तपासायला बसलं की खोकल्या-तापाच्या निमित्ताने हा प्रश्न येतोच : "डॉक्टर साहेब, मंग लेकराले काही बोलूच नये काय?"

बोलायचं, नक्की बोलायचं. पण "थोडं मारायचं, थोडं लाड करायचे, म्हणजे समतोल झाला" ही जी समजूत आहे, ती डॉक्टर म्हणून मला पटत नाही. भाजीत मीठ टाकल्यासारखा मार चवीपुरता घालता येत नाही. का, ते आधी शरीराच्या बाजूने बघू.

शिक्षा देणाऱ्याला त्या मुलाचं शरीर माहीत नसतं

पॅरासिटामॉलचा डोस आम्ही मुलाच्या वजनावर काढतो. एका किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर. १२ किलोच्या पोराला आणि ३० किलोच्या पोराला एकच चमचा देत नाही. आणि उठाबशा? पन्नास मुलांच्या वर्गात सगळ्यांना सारख्याच. त्यातल्या कोणाचं हिमोग्लोबिन किती, कोणाला दमा, कोणाच्या हृदयाच्या झडपेत दोष, कोण सकाळी उपाशी आलं आहे, हे शिक्षा देणाऱ्याला ठाऊक नसतं. कित्येकदा आई-वडिलांनाही ठाऊक नसतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दहातल्या जवळपास सहा. रक्त फार कमी असेल, तर स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला आधीच जास्त पळावं लागतं. अशा मुलीला दप्तराच्या ओझ्यासह शंभर वेळा उठायला-बसायला लावलं, तर धाप लागेल, चक्कर येईल आणि क्वचित त्याहून वाईटही होईल.

विदर्भात यात आणखी एक भर आहे, ती सिकलसेलची. आपल्या भागात हा आजार अनेक कुटुंबांत आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तपासणी वाढली, तरी आपल्या मुलाचा अहवाल काय आला होता हे न आठवणारे पालक मला भेटतात. सिकलसेलच्या मुलाला अंगातलं पाणी कमी होणं, कडक ऊन आणि अति श्रम या तिन्ही गोष्टी घातक. त्यातून रक्तवाहिन्या तुंबून हाडं, छाती, पोट यांत असह्य वेदना सुरू होतात. जे नुसते वाहक आहेत त्यांना एरवी काही त्रास होत नाही, पण उन्हात सवय नसताना टोकाचे श्रम केले, तर क्वचित त्यांच्याही जिवावर बेतू शकतं. आता मार्चमधलं आपल्याकडचं ऊन आठवा आणि "जा, मैदानात उभा राहा" ही शिक्षा आठवा.

धडधाकट मुलांचंही ऐका. सवय नसताना एकदम शंभर-दोनशे उठाबशा काढल्या, तर मांड्यांच्या स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यातला लाल द्रव्याचा अंश रक्तात मिसळून मूत्रपिंडात अडकतो. याची खूण म्हणजे एक-दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या होतात, चालवत नाही आणि लघवी काळ्या चहासारखी होते. असं दिसलं, तर "शिक्षा झाली होती, पाय दुखणारच" म्हणून घरी तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे या. येईपर्यंत मुलाला पाणी पाजत राहा.

घरातल्या माराचीही अशीच एक यादी आमच्याकडे आपोआप तयार होते. कानाखाली मारलेल्या थापडेने कानाच्या पडद्याला भोक पडतं. हवेचा दाब एकदम आत जातो, म्हणून पडदा फाटतो. हात फार जोरात असण्याची गरज नसते. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत आपला आपण भरतो, पण तोवर कानात तेल, लसणाचा रस, पाणी काहीही जाऊ द्यायचं नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला एका हाताने झटका देऊन उचललं किंवा ओढलं, की कोपराचं हाड जागचं सरकतं. मूल रडतं आणि तो हात हलवतच नाही. हे बसवायला अर्धा मिनिट लागतो, पण ते आमच्यावर सोडा. सगळ्यात धोक्याचं म्हणजे रडणं थांबत नाही म्हणून तान्ह्या बाळाला धरून गदागदा हलवणं. बाळाची मान कच्ची आणि डोकं जड, त्यामुळे मेंदूवरच्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही. बाळ रडून जीव नकोसा झाला, तर त्याला पलंगावर नव्हे, खाली सुरक्षित जागी निजवा आणि दोन मिनिटं बाहेर अंगणात जाऊन उभे राहा. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही.

डोक्याला मार लागला असेल, तर पुढचे २४ ते ४८ तास लक्ष ठेवावं लागतं. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, एरवीपेक्षा वेगळी गुंगी, झटका, बोलण्यात असंबद्धता, कानातून किंवा नाकातून पाणी अथवा रक्त येणं, यातलं एकही लक्षण दिसलं तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी न्या. आपल्याकडून सेवाग्राम किंवा सावंगी गाठावं लागेल. आणि डॉक्टरला खरं सांगा. "जिन्यावरून पडला" असं सांगितल्याने आमचा तपास चुकीच्या दिशेला जातो. पोलिसांच्या किंवा लोकांच्या भीतीने घालवलेले तास मुलाच्या मेंदूला परत मिळत नाहीत.

"थोडासा" मार का थोडासा राहत नाही

तुम्ही म्हणाल, ही टोकाची उदाहरणं झाली, आम्ही तर पाठीत एक धपाटा घालतो. ठीक आहे. धपाट्याचं औषध म्हणून परीक्षण करू.

औषधाला आम्ही दोन प्रश्न विचारतो. गुण येतो का? आणि सोबत त्रास काय होतो? धपाट्याने मूल त्या क्षणी थांबतं, हे खरं आहे. म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे. पण मुलाने ती गोष्ट पुढेही, तुम्ही समोर नसताना करू नये, हा शिस्तीचा हेतू असतो. तिथे गुण येत नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी पाच दशकांतल्या ७५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यात सुमारे १,६०,००० मुलांची माहिती होती आणि विषय होता साध्या धपाट्यांचा. गंभीर मारहाण त्यांनी मुद्दाम वेगळी ठेवली होती. ज्या मुलांना धपाटे जास्त मिळाले, त्यांच्यात आक्रमकपणा, खोटं बोलण्यासारख्या वागणुकीच्या तक्रारी आणि मनाचे त्रास जास्त दिसले, आई-वडिलांशी नातं कमी घट्ट दिसलं. पुढे जाऊन मूल जास्त ऐकू लागतं, असं दिसलं नाही. यावर रास्त आक्षेपही आहे : मुळात जास्त त्रास देणाऱ्या मुलांनाच जास्त मार बसत असेल, मग कोंबडी आधी की अंडं? ते कोडं आकडेवारीने पूर्ण सुटत नाही. पण माराने फायदा होतो, असं दाखवणारा पुरावा मला कुठे सापडत नाही. गुण सिद्ध नाही आणि त्रासाची शंका दाट, असं औषध मी कोणाला लिहून देणार नाही.

शिवाय याची सवय लागते. तीन वर्षांचं मूल डोळे वटारल्यावर थांबतं. चौथ्या वर्षी धपाटा लागतो. सातव्या वर्षी धपाट्याला ते हसतं, म्हणून पट्टा निघतो. बाराव्या वर्षी तेही पुरत नाही. डोस वाढत जातो आणि औषध लागू पडेनासं होतं. मारणाऱ्याचा हात किती जोरात पडेल, हे त्याच्या हेतूवर ठरत नाही. त्याच्या रक्तदाबावर, झोपेवर, त्या दिवशी बाजार समितीत कापसाला काय भाव मिळाला त्यावर ठरतं. नेलकरंजीच्या घरात त्या रात्री कोणी मुलीचा जीव घ्यायचा असं ठरवून उठलं असेल, असं मला वाटत नाही. म्हणूनच ती बातमी प्रत्येक घराने आपली समजून वाचायला हवी.

"आम्ही मार खाऊनच मोठे झालो" याबद्दल एवढंच म्हणेन की आपण गोवर आणि डांग्या खोकला काढूनही मोठे झालो. त्यामुळे मुलांची लस कोणी टाळत नाही.

या बाबतीत आपलं सांस्कृतिक सामान गुंतागुंतीचं आहे. छडीची आणि विद्येची जोडी लावणारं गाणं आपण स्नेहसंमेलनात लहानग्यांकडून नाचवून घेतो. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई शिंपटीने झोडपते, हा प्रसंग तर अनेकांना तोंडपाठ असतो. पण नंतर तीच आई त्याला जवळ घेते, आपण असं का वागलो ते समजावते, त्याच्यासाठी दही राखून ठेवते, तो भाग किती जणांना आठवतो? मला त्या प्रसंगातली शिंपटी आजच्या घरात नको आहे. नंतरचं ते बोलणं मात्र हवं आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडून गळालं.

आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, १९३६ पासून राहिलेल्या गांधीजींचंही एक उदाहरण आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर मुलांना शिकवत असताना त्यांनी एका दांडगट मुलाच्या हातावर रूळ मारला. मारताना आपण थरथरत होतो, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. त्या मुलाने क्षमा मागितली, पुढे नीट वागला. म्हणजे वरवर बघता 'गुण' आला. तरीही गांधीजींना ते योग्य वाटलं नाही, कारण त्या मारात आपल्यातला पशू दिसला, आत्मा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण इतकं खोल जायची गरज नाही. हात उचलण्याआधी स्वतःला एकच विचारायचं : आत्ता मी याला शिकवतोय, की माझा राग उतरवतोय? शिकवायचंच असेल, तर दहा मिनिटांनीही शिकवता येतं. राग मात्र दहा मिनिटं थांबायला तयार नसतो.

मग समतोल कशाचा?

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याची जी विभागणी केली, ती अजूनही उपयोगी आहे. त्यातला गाभा असा की नियमांचा पक्केपणा आणि मायेचा ओलावा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढवली की दुसरी कमी होते, असं नाही. नियम कडक आणि माया आटलेली, असं घर असतं. माया भरपूर आणि नियमच नाहीत, असंही असतं. दोन्हीही चांगल्या मात्रेत, अशीही घरं असतात, आणि अशा घरातली मुलं साधारणपणे जास्त सावरलेली दिसतात. लाडाचा भर कमी करायला मार घालायचा, हा आपला हिशेबच चुकतो. लाडावलेल्या मुलाला हवा असतो नियम.

नियम म्हणजे काय, हे एका नेहमीच्या उदाहरणाने बघू. मूल जेवताना मोबाइल मागतं. आई नाही म्हणते. मूल रडतं. आई पुन्हा नाही म्हणते. मूल ताट ढकलतं. आजी म्हणते, "दे बाई, लेकरू उपाशी राहील." मोबाइल मिळतो. या मुलाने काय शिकलं? नाही म्हणजे नाही नसतं, पुरेसं रडलं की होतं. उद्या ते पुरेसं रडणारच. परवा बाबाचं डोकं फिरतं आणि थापड बसते. एकाच गोष्टीला काल मोबाइल मिळाला, आज थापड. यातून मूल शिस्त शिकत नाही, घरातल्या माणसांचा मूड ओळखायला शिकतं.

हे मोडायचं तर घरातल्या मोठ्यांनी आधी मूल नसताना बसून ठरवायचं : जेवताना मोबाइल कोणाच्याच हातात नाही. बाबाच्याही नाही. मग मुलाला एकदाच, साध्या आवाजात सांगायचं. पहिले तीन-चार दिवस रडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढेल. इथेच बहुतेक पालक हार मानतात आणि म्हणतात, "करून पाहिलं, आमच्याकडे चालत नाही." रडणं वाढलं म्हणजे मूल जुनी किल्ली जोर लावून फिरवून बघतं आहे. कुलूप उघडलं नाही, की आठवड्याभरात ते सोडून देतं. एक वेळ कमी जेवल्याने निरोगी मूल आजारी पडत नाही, हे मी आजींना मुद्दाम लिहून देतो. दहाव्या हट्टाला मान तुकवण्यापेक्षा पहिल्या हट्टाला हो म्हणणं परवडलं, कारण दहाव्याला दिलं की दहा वेळा मागायची सवय आपणच लावतो.

मोडलेल्या नियमाचा परिणाम लहान, लगेच आणि त्या चुकीशी जोडलेला असावा. भिंतीवर रंगवलं, तर फडकं घेऊन पुसायचं. सायकल रस्त्यावर टाकून आला, तर उद्या सायकल नाही. "महिनाभर खेळायला जायचं नाही" असल्या धमक्या देऊ नका, कारण तिसऱ्या दिवशी तुम्हीच कंटाळून पाठवता. गिरडला टेकडीवर जायचं ठरलं असेल आणि सकाळी भांडण झालं म्हणून "आता तू घरीच राहा" म्हणालात, तर खरंच ठेवणार आहात का? नसाल, तर म्हणू नका. चार-पाच वर्षांचं मूल फारच पिसाळलं, तर त्याला शांत जागी तीन-चार मिनिटं बसवणं पुरतं. अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला शिक्षा हा प्रकारच लागू नाही. त्याच्या हातातली वस्तू काढून घ्या आणि लक्ष दुसरीकडे वळवा. नागपूर-हैदराबाद महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. रस्त्याकडे धावणाऱ्या मुलाचा दंड घट्ट धरून त्याला मागे ओढणं ही शिक्षा नव्हे, ते तुम्ही करायलाच हवं.

आणि मूल चांगलं वागतं तेव्हा? तेव्हा आपण आपलं काम उरकून घेतो. त्याच्याकडे बघतो ते भांडं फुटल्यावर. मग त्याला भांडं फोडण्यात रस वाटला, तर नवल काय?

आमच्या धंद्याची एक तक्रारही इथेच नोंदवतो. "गप बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील" हे वाक्य कृपया बंद करा. मुलाचा घसा बघायचा असतो आणि ते दारातूनच किंचाळत येतं. तुमच्या शिस्तीचं हत्यार होण्यात आम्हाला काही रस नाही.

वात्रट की आजारी?

शिस्तीच्या तक्रारीने आलेल्या मुलाला मी आधी तपासतो. हाक मारली तरी "ऐकत नाही" असं ज्याच्याबद्दल सांगतात, त्याच्या कानात कधी कधी सर्दीनंतरचं पाणी साचलेलं असतं, त्याला खरोखरच ऐकू येत नसतं. फळ्यावरचं उतरवत नाही, त्याला चष्मा लागतो. वर्गात पाच-दहा सेकंद शून्यात बघत राहते, नंतर काय झालं ते आठवत नाही, ती फिट्सचा एक प्रकार असू शकते. सहा-सात वर्षांपर्यंत अंथरुणात लघवी होणं अनेक मुलांत आढळतं, ते आळसाने होत नाही आणि माराने थांबत नाही, उलट वाढतं. अक्षरं उलटसुलट वाचणारा हुशार पोरगा किंवा एका जागी दोन मिनिटं न टिकणारी मुलगी यांच्यामागे अध्ययन अक्षमता किंवा एडीएचडी असू शकतो. आधी अभ्यासात चांगलं असलेलं पौगंडातलं मूल अचानक चिडकं, एकलकोंडं झालं, झोप आणि भूक बिघडली, तर ते नैराश्य असू शकतं. मुलांत नैराश्य अनेकदा रडण्यातून न दिसता चिडचिडीतून दिसतं. अशा मुलाला नीटच्या गुणांवरून फटकावणं म्हणजे तापात असलेल्या मुलाला थंडीत उभं करण्यासारखं आहे.

आता त्या दुसऱ्या भीतीबद्दल. "ओरडलो आणि पोराने काही करून घेतलं तर?" अशा बातम्या येतात, आणि त्यामुळे काही पालक पंधरा वर्षांच्या मुलाला नाही म्हणायलाच घाबरतात. एका रागावण्याने मूल जीव देत नाही. त्यामागे बहुतेकदा आधीपासून साचलेलं काही असतं : नैराश्य, अपमान, छळ, अपयशाची लाज. रागावणं ही फक्त शेवटची, डोळ्यांना दिसलेली गोष्ट असते. त्यामुळे नाही म्हणणं सोडू नका. चार लोकांसमोर पाणउतारा करणं, शेजारच्या पोराशी तुलना करणं, "तू जन्मलाच कशाला" असलं बोलणं सोडा. मूल मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर "नाटक करतो" म्हणू नका, त्याला सरळ विचारा. विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही. आणि शेतकऱ्याच्या घरात एक गोष्ट आजच करा : फवारणीची औषधं घरात, खाटेखाली ठेवू नका, कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्यांकडे राहू द्या. या वयातली लाट अनेकदा काही मिनिटांची असते, त्या मिनिटांत हाताशी औषध नसणं जीव वाचवतं. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पालकांनाही.

कायदा कुठपर्यंत येतो

शाळेच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. उठाबशा, कोंबडा करणं, उन्हात उभं करणं हे सगळं त्यात येतं. छडी लागली नाही म्हणून सुटका नाही. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्याशी क्रूरपणे वागल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि यातून आई-वडील आपोआप वगळलेले नाहीत. तरी घरातला साधा धपाटा आपल्याकडे थेट बेकायदेशीर नाही. स्वीडनने १९७९ मध्ये तो बेकायदेशीर ठरवला, नंतर साठहून जास्त देशांनी, आणि २०१८ मध्ये शेजारच्या नेपाळनेही.

२००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्रासह १३ राज्यांत केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या तीनपैकी दोन मुलांनी शिक्षकांचा मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर कायदा आला, मार्गदर्शक सूचना आल्या, आणि तरी २०२५ मध्ये वसई घडलं. शिक्षकांची बाजूही ऐकायला हवी. एका खोलीत साठ-सत्तर मुलं, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंतची कामं, वरून निकालाचा दट्ट्या. छडी काढून घेतली, तिच्या जागी काय करायचं याचं प्रशिक्षण किती जणांना मिळालं? पण ही अडचण शासनाने सोडवायची आहे, तिचं ओझं सहावीतल्या मुलीच्या पाठीवरच्या दप्तरात घालता येणार नाही. आणि पालकांनो, पहिल्याच दिवशी शाळेत जाऊन "सर, चांगला चोपा, हाडं आमची, मांस तुमचं" असं सांगायची आपली जुनी रीत तुम्ही आधी मोडा. तुम्ही परवानगी देऊन आलेला असता, मग तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

मुलाला शाळेत अशी शिक्षा झाली असेल, तर आधी त्याला तपासून घ्या आणि जखमांची नोंद कागदावर करून घ्या. मग मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही, तर गटशिक्षणाधिकारी. मुलाला तातडीचा धोका असेल, तर १०९८ ला फोन करा. मुलांसाठीचा हा नंबर चोवीस तास चालू असतो, आणि शेजारच्या घरातलं मूल मार खात असेल तेव्हाही तो लावता येतो.

तुमच्याच हातून मार बसला असेल, तर राग उतरल्यावर मुलाजवळ बसा आणि सांगा, "मी मारलं ते चुकलं, तू जे केलंस तेही चुकीचंच होतं, पण मारायला नको होतं." यामुळे आई-बापाचा मान कमी होतो, अशी भीती बाळगू नका. आठवड्यातून दोन-तीनदा हात उचलला जात असेल, घरात दारू असेल, कर्जाची, नापिकीची विवंचना असेल, झोप लागत नसेल, तर मुलाला सोडून तुम्ही एकटे तपासायला या. अशा वेळी रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि मन, सगळंच बघावं लागतं. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत आईला बाळाचा राग येत असेल, रडू आवरत नसेल, तर तिला सासूच्या उपदेशाआधी उपचार हवेत. त्यासाठी आशाताईला सांगितलं, तरी ती तुम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत घेऊन येईल.